षड्जाशी नवा करार : आर्वो पॅर्ट यांच्या निमित्ताने

पहिली अडचण नावापाशीच आली. युरोपीय संगीतात ज्याला ‘टोनल’ म्हणतात त्याला मराठीत काय म्हणायचे? ‘सुरेल’ म्हणावे तर ‘एटोनल’ रचना आपोआप बेसूर ठरते, आणि तो तिच्यावर अन्याय आहे. तीही चोख सुरातच वाजवावी लागते. उलट अधिकच चोख, कारण चुकलेला सूर सावरून घ्यायला तिथे शेजारीपाजारी नसतात. ‘स्वराधिष्ठित’ म्हणावे तर सगळेच संगीत स्वरांवर उभे असते. ‘षड्जनिष्ठ’ हा शब्द मला मनापासून आवडला होता. तो मी एका गायिकाबाईंना समजावून सांगत होतो. तानपुऱ्यावर गवसणी चढवता चढवता त्यांनी शांतपणे विचारले, “म्हणजे षड्ज नसलेलं गाणंही असतं की काय?”

हे पुस्तक त्या प्रश्नातून निघाले. असते, असे उत्तर मी तेव्हा दिले; पण ते का निर्माण झाले, जवळजवळ अर्धशतक त्याचा एवढा दबदबा का होता आणि त्या दबदब्यातून बाहेर पडणाऱ्या संगीतकारांना षड्ज पुन्हा कसा मिळवावा लागला, हे उभ्या उभ्या सांगता येण्यासारखे नव्हते. शब्दाचे म्हणाल तर शेवटी ‘स्वरकेंद्री’वर समाधान मानले आहे. ‘षड्जनिष्ठ’ सोडून दिला, त्याचे कारण पुढे येईल.

आपल्या मैफलीत तानपुरे एकदा जुळले की षड्ज हलत नाही. गवई मूर्च्छनेने मध्यमाला षड्ज करून क्षणभर दुसऱ्या रागाची चाहूल देईल, पण मागे तानपुरा मूळ सा धरून बसलेलाच असतो. युरोपात सतराव्या शतकापासून जी पद्धत रुळली तिच्यात षड्ज आहे, फक्त तो प्रवासाला निघतो. सी मेजरमध्ये सुरू झालेली रचना काही वेळाने जी मेजरमध्ये जाते, म्हणजे पंचमालाच षड्ज मानू लागते. तिथून आणखी दोन-चार मुक्काम करते आणि अखेर पहिल्या सा वर येऊन टेकते. मागे धरून ठेवणारे कुणी नसते. मूळ घर कुठे होते हे श्रोत्याच्या कानाने लक्षात ठेवायचे असते, आणि त्या आठवणीवरच सगळे नाट्य उभे असते. मोझार्ट ऐकताना आपल्याला ‘आता परतले’ असे जे वाटते ते यामुळे.

एकोणिसाव्या शतकात हे प्रवास इतके लांबले की घराची आठवणच पुसट झाली. वाग्नरच्या ऑपेरांत तासचे तास षड्ज नुसता सूचित होत राहतो. विसाव्या शतकाच्या पहिल्या दशकाच्या अखेरीस व्हिएन्नाच्या आर्नोल्ड शोनबर्गने घर सोडूनच दिले, आणि १९२०च्या दशकाच्या सुरुवातीला त्या बेघर अवस्थेला नियम दिले. सप्तकातल्या बाराही स्वरांची एक माळ ओवायची आणि तिचा क्रम पाळत संपूर्ण रचना करायची. माळ पुरी होण्याआधी एखादा स्वर पुन्हा पुढे आला तर तो सा होऊन बसण्याचा धोका. म्हणून बाराही जणांना सारखा मान. गंमत अशी की खुद्द शोनबर्गने १९३४ मध्ये तंतुवाद्यांसाठी चक्क जी मेजरमध्ये एक स्वीट लिहिला. अनुयायी मात्र गुरूपेक्षा कडक निघाले. दुसऱ्या महायुद्धानंतर पश्चिम युरोपातल्या आणि अमेरिकेतल्या नव्या संगीताच्या वर्तुळांत बारा स्वरांची पद्धत प्रगतीची खूण ठरली. या पद्धतीची गरज ज्याला जाणवली नाही तो संगीतकार निरुपयोगी आहे, अशा अर्थाचे विधान फ्रेंच संगीतकार पिएर बुलेझने १९५२ मध्ये केले होते. तेव्हा तो सत्तावीस वर्षांचा होता, एवढी सवलत त्याला द्यायला हरकत नाही.

अशा हवेत सी मेजरचा साधा त्रिस्वर (सा, ग, प एकत्र) लिहिणे म्हणजे अडाणीपणा किंवा बाजारूपणा. तरीही काहींनी तो लिहिला, आणि प्रत्येकाची वाट वेगळी होती. अमेरिकेतला जॉर्ज रॉचबर्ग बारा स्वरांच्या पद्धतीतला नाणावलेला रचनाकार होता. १९६४ मध्ये त्याचा तरुण मुलगा गेला. त्या दुःखासाठी आपल्याजवळची भाषा अपुरी आहे असे त्याला वाटू लागले, आणि १९७२ मध्ये वाजलेल्या त्याच्या तिसऱ्या स्ट्रिंग क्वार्टेटमध्ये तो उघडपणे बेथोव्हेन आणि मालरच्या बोलीत बोलू लागला. पोलंडच्या हेन्रिक गुरेत्स्कीने १९७६ मध्ये तिसरी सिंफनी लिहिली. संथ, शोकमग्न, तीन भागांची ही रचना पंधरा-सोळा वर्षे मोजक्या लोकांनाच ठाऊक होती. मग १९९२ मध्ये डॉन अपशॉच्या आवाजातले ध्वनिमुद्रण आले आणि त्याच्या दहा लाखांहून जास्त प्रती खपल्या. या दोघांना पुस्तकात स्वतंत्र प्रकरणे आहेत. मध्यभागी मात्र मी आर्वो पॅर्ट यांना ठेवले आहे, कारण बारा स्वरांच्या माळेपासून एका त्रिस्वरापर्यंतचा सगळा रस्ता त्यांनी एकट्याने आणि पायी कापला. मधली आठ वर्षे तर त्यांच्याजवळ दाखवण्यासारखे जवळजवळ काहीच नव्हते.

(त्यांच्या आडनावातला स्वर आपल्या ‘बॅट’मधल्या ॲसारखा. ‘पार्ट’ असे लिहिलेले बऱ्याचदा दिसते, ते चूक.)

पॅर्ट यांचा जन्म ११ सप्टेंबर १९३५चा, एस्टोनियातल्या पाइडे गावचा. बालपण राक्वेरेत गेले. एस्टोनिया हा बाल्टिक समुद्राकाठचा चिमुकला देश १९४०मध्ये सोव्हिएत संघाने गिळला, मधली तीन वर्षे जर्मनांच्या टाचेखाली गेली, आणि नंतर १९९१ पर्यंत तो पुन्हा सोव्हिएत राहिला. घरात एक मोठा पियानो होता, पण त्याच्या मधल्या पट्ट्या बिघडलेल्या. मुलगा वरच्या आणि खालच्या टोकांवरच खेळायचा. पुढच्या काळातल्या त्यांच्या रचना ऐकताना, खर्जातला एक दीर्घ स्वर आणि वर उंचावरची एकटी घंटी यांच्यामध्ये जी मोकळी जागा जाणवते, तिचे मूळ या पियानोत शोधण्याचा मोह अनेक चरित्रकारांना झाला आहे. मी तो आवरतो. दुसरी आठवण अधिक बोलकी आहे. राक्वेरेच्या चौकात एका खांबावर लाउडस्पीकर होता आणि त्यावर रेडिओचे वाद्यवृंद लागत. हा मुलगा सायकलवरून त्या खांबाभोवती गोल गोल घिरट्या घालत ते ऐके.

सैन्यातल्या नोकरीत बँडमध्ये ओबो आणि ड्रम वाजवून झाल्यावर ते तालिनच्या संगीत विद्यालयात हाइनो एलर यांच्याकडे शिकले आणि १९६३ मध्ये पदवीधर झाले. त्याच सुमारास, १९५८ ते १९६७, एस्टोनियन रेडिओवर ध्वनिमुद्रण तंत्रज्ञ म्हणून त्यांची नोकरी चालू होती. सोव्हिएत अधिकाऱ्यांनी त्यांना एका हाताने गोंजारले आणि दुसऱ्या हाताने फटकारले. १९६० मधली ‘नेक्रोलॉग’ ही एस्टोनियातली पहिली बारास्वरी रचना. तिच्यावर सोव्हिएत संगीतकार संघाचे प्रमुख तिखोन ख्रेनिकोव्ह यांनी पाश्चात्त्य प्रभावाचा ठपका ठेवला. आणि १९६२ मध्ये मॉस्कोच्या तरुण संगीतकारांच्या स्पर्धेत पहिले बक्षीस मिळाले तेही याच पॅर्टना, मुलांसाठी लिहिलेल्या ‘आमची बाग’ या गोड कंटाटासाठी आणि एका ओरॅटोरिओसाठी.

आपल्याकडच्या वाचकाने इथे एक गोष्ट ध्यानात घ्यावी. पश्चिमेत बारा स्वरांची पद्धत हे विद्यापीठांतले सनातन मत झाले होते. सोव्हिएत संघात तीच पद्धत बंडखोरी होती. सरकारला सोपे, गाता येणारे, स्वरकेंद्री संगीत हवे होते. त्यामुळे पॅर्ट षड्जाकडे वळले तेव्हा ते सरकारची मर्जी राखायला वळले, असे कुणालाही म्हणता आले असते. त्यांच्या वाटेतला खरा अडसर हा होता. जी गोष्ट हुकमाने लादली जाते ती स्वतःच्या बळावर पुन्हा कशी मिळवायची?

१९६८ मधल्या ‘क्रेडो’त हा पेच उघड्यावर आला. पियानो, वृंदगान आणि मोठा वाद्यवृंद. सुरुवातीला बाखचा सी मेजरमधला प्रसिद्ध प्रेल्यूड, पियानो शिकणाऱ्या प्रत्येक मुलाच्या हाताखालून गेलेला. मग हळूहळू बारास्वरी गोंगाट त्याला गिळत जातो, डोळ्याला डोळा आणि दाताला दात हे शब्द वृंद ओरडू लागतो, आणि शेवटी सगळा कल्लोळ ओसरल्यावर बाख पुन्हा वर येतो. १६ नोव्हेंबर १९६८ रोजी वाद्यवृंद-संचालक नेमे यार्वी यांनी तालिनमध्ये ही रचना सादर केली. गोंगाटाबद्दल अधिकाऱ्यांची फारशी तक्रार नव्हती. खटकला तो लॅटिन मजकूर, ज्यात येशू ख्रिस्तावर श्रद्धा असल्याचे सरळ जाहीर केले होते. रचना बंद झाली, मागण्या आटल्या.

त्यानंतर मौन. ते पूर्ण मौन नव्हते: १९७१ची तिसरी सिंफनी आहे, आणि पोटासाठी चित्रपटांचे पार्श्वसंगीत चालूच होते. पण स्वतःची म्हणावी अशी रचना नाही. एका ध्वनिमुद्रिकांच्या दुकानात त्यांच्या कानावर ग्रेगोरियन गायनाचा छोटासा तुकडा पडला. मध्ययुगीन चर्चमधले हे एकेरी, तालाविना चालणारे गायन. त्याला सोबतीला कॉर्ड नाही, वाद्य नाही. पॅर्ट वह्या भरू लागले. पानेच्या पाने एकेरी ओळींची. एखादे स्तोत्र वाचायचे आणि वही उघडून एका दमात स्वरांची ओळ लिहायची. आकाशात पाखरांचा थवा दिसला तर त्याच्या कडेची रेघ स्वरांत उतरवायची. यातून काही रचना व्हावी हा हेतूच नव्हता. हात आणि कान नव्याने शिकत होते. आपल्याकडे गुरूने शिष्याला वर्षभर नुसता षड्ज लावायला सांगितल्याच्या गोष्टी आहेत. त्या ऐकताना आपण मान डोलावतो. पण तेहेतिसाव्या वर्षी देशभर नाव झालेल्या माणसाने, कुणी गुरू सांगत नसताना, हे स्वतःवर लादून घेणे निराळे. १९७२ मध्ये त्यांनी ऑर्थोडॉक्स चर्चची दीक्षा घेतली, आणि त्याच वर्षी नोरा यांच्याशी लग्न झाले.

फेब्रुवारी १९७६ मध्ये ‘फ्यूर आलिना’ आली. दोन पानांची पियानोची रचना, ओळखीच्या कुटुंबातल्या, इंग्लंडला निघून गेलेल्या एका मुलीच्या नावाने. सुरुवातीला खर्जातला एक स्वर वाजतो आणि पेडलमुळे घुमत राहतो. वर दोन हात, एकेका वेळी एकेक स्वर. पहिल्या मापात दोन स्वर, पुढच्यात तीन, मग चार, असे आठपर्यंत चढते आणि तसेच उतरते. ठेका नाही. पियानोच्या दुसऱ्या-तिसऱ्या वर्षाच्या विद्यार्थ्यालाही वाजवता येईल. चांगली वाजवणारे फार थोडे.

इथे थांबून कारागिरी समजून घेऊ, कारण पुढचे सगळे पुस्तक तिच्यावर उभे आहे. पॅर्टनी या पद्धतीला ‘टिन्टिनाबुली’ म्हटले. लॅटिनमध्ये छोट्या घंटा, आपण किणकिण म्हणू. दोन आवाज असतात. त्यांतला एक चालता: तो स्वरसप्तकात पायरी पायरीने वर-खाली जातो. दुसरा मी ‘त्रिस्वरी आवाज’ म्हणतो: त्याला षड्जाच्या त्रिस्वरातले तीनच स्वर घेण्याची मुभा आहे. घरात पेटी असेल तर करून पाहा. पांढरी एकचा सा धरा आणि आसावरी थाटाचे स्वर घ्या. उजव्या हाताने सा रे ग म प ध नि असे सावकाश चढा. ग, ध, नि कोमल. डाव्या हाताचा नियम एवढाच: उजव्या हाताच्या प्रत्येक स्वराखाली सा, कोमल ग आणि प यांपैकी जो सर्वांत जवळचा असेल तो. म्हणजे सा खाली मंद्र प, रे खाली सा, ग खाली सा, म खाली ग, प खाली ग, ध खाली प, नि खाली प. दोन्ही एकदम दाबा. ग-सा गोड लागेल, रे-सा जरा टोचेल, आणि कोमल ध खाली प आला की चांगलाच चटका बसेल. गोड आणि टोचरे हे कुणाच्या लहरीने येत नाही, नियमाने येते. जवळचा स्वर न घेता त्याच्या पुढचा घ्यायचा, किंवा एकदा वरचा एकदा खालचा घ्यायचा, असे पोटनियम आहेत, आणि रचनाकाराची निवड तिथे असते. एकदा निवड केली की मग तो पाळतो.

नोरा पॅर्ट यांनी या दोन आवाजांचे नाते एक अधिक एक बरोबर एक असे मांडले. स्वतः पॅर्ट यांनी चालत्या आवाजाला माणसाची भटकंती आणि चुका म्हटले आहे, आणि त्रिस्वरी आवाजाला क्षमा. श्रद्धा नसलेल्या वाचकाने हे बाजूला ठेवले तरी संगीत समजण्यात काही कमी पडत नाही, असे माझे मत आहे. पॅर्टच्या अभ्यासकांपैकी काहींना ते पटत नाही.

‘फ्यूर आलिना’त एका जागी, फक्त एकदा, डावा हात नियम मोडतो आणि त्रिस्वराबाहेरचा रे वाजवतो. स्वरलिपीत तिथे एक फूल काढलेले आहे.

आता मूळ मुद्द्याकडे येतो, कारण या क्षेत्राबद्दल माझे जे काही म्हणणे आहे ते इथेच आहे. पॅर्ट, गुरेत्स्की आणि त्यांच्या पिढीबद्दल लिहिताना ‘परतले’ हा शब्द सर्रास वापरला जातो. मलाही तो सोयीचा वाटे. पण वरचा पेटीचा प्रयोग नीट पाहा. बारा स्वरांच्या पद्धतीत माळ ठरली की पुढचा स्वर ठरतो. इथेही चालता स्वर ठरला की दुसरा ठरतो. शिस्त तीच, किंबहुना अधिक कडक. पॅर्ट यांनी शोनबर्गकडून घेतलेला काटेकोरपणा सोडलाच नाही. तो त्यांनी त्रिस्वराला लावला. मोझार्टचा प्रवासाला निघणारा षड्ज इथे नाही, त्याचे परतणेही नाही. म्हणून ही माणसे मागे गेली असे न म्हणता त्यांनी षड्जाशी नवा करार केला असे मी म्हणतो. करारात अटी असतात. ज्यांना अटी दिसत नाहीत त्यांना हे संगीत नुसते शांत आणि गोड वाटते, आणि मग ते ध्यानधारणेच्या कॅसेटींच्या फळीवर जाऊन बसते.

याच कारणाने काही अभ्यासक पॅर्टना ‘टोनल’ म्हणायलाही राजी नाहीत. त्यांच्या मते हे मध्ययुगीन मोडांच्या जवळचे आहे. वाद रास्त आहे, आणि त्याला एक पूर्ण प्रकरण दिले आहे. ‘षड्जनिष्ठ’ शब्द सोडला तोही इथेच. तो वापरला की मराठी कानाला तानपुरा ऐकू येतो, आणि टिन्टिनाबुली म्हणजे तानपुरा नव्हे. तानपुरा गायकाची वाट पाहत नाही. गायक कुठेही जावो, तो आपल्या तारा छेडत राहतो. त्रिस्वरी आवाज मात्र चालत्या आवाजाच्या प्रत्येक पावलाला बांधलेला असतो. ते पाऊल पडले नाही तर त्यालाही स्वर नाही. शिवाय इथे राग नाही. आसावरी थाटाचे स्वर आले म्हणून आसावरी शोधू नये, ना वादी ना पकड. व्याख्यानांत हा प्रश्न मला दर वेळी विचारला गेला, म्हणून आधीच सांगून ठेवतो.

१९७७ हे वर्ष अचंबित करणारे आहे. आठ वर्षांचे साचलेले पाणी एकदम फुटावे तशा त्या वर्षी ‘फ्रात्रेस’, ‘कँटस’ आणि ‘ताबुला रासा’ बाहेर पडल्या. ‘ताबुला रासा’ दोन व्हायोलिन, तंतुवाद्ये आणि तारांत स्क्रू वगैरे अडकवून घंटेसारखा केलेला पियानो यांच्यासाठी. ३० सप्टेंबरला तालिनमध्ये गिडॉन क्रेमर आणि तात्याना ग्रिंडेंको यांनी व्हायोलिन वाजवली, पियानोवर संगीतकार आल्फ्रेड श्निट्के होते. दुसऱ्या भागाचे नाव ‘सिलेंटियम’, म्हणजे मौन. डी मायनरमध्ये चाललेला हा भाग शेवटी खाली खाली उतरत जातो, एकेक वाद्य गळते, डबल बास तेवढा उरतो. तो रे पर्यंत येतो आणि थांबतो. सा वाजतच नाही. पुढची मापे कोरी आहेत. मैफलीत समेची वाट पाहायला शिकलेल्या श्रोत्याला हा न वाजलेला षड्ज किती स्पष्ट ऐकू येतो, हे त्याने स्वतःच अनुभवावे.

१९७८ची ‘श्पीगल इम श्पीगल’, म्हणजे आरशातला आरसा, ही आज त्यांची सर्वांत लोकप्रिय रचना. एफ मेजर, बिलावल थाटाचे स्वर. पियानो तीन-तीन स्वर चढत राहतो. व्हायोलिन गंधाराला मध्ये ठेवते: रे ग, मग आरशात म ग, सा रे ग, मग प म ग, दर वेळी एक पायरी दूर जाऊन पुन्हा गंधारावर. इतकी साधी, की चित्रपट आणि माहितीपट करणाऱ्यांनी तिला पार झिजवून टाकले आहे. पडद्यावर कुणी मरणार असेल आणि दिग्दर्शकाला काही सुचत नसेल, तर ही लागते. रचनेचा त्यात काही दोष नाही. तरी नव्या वाचकाने सुरुवात तिच्यापासून करू नये, असे मी सुचवीन.

जानेवारी १९८० मध्ये पॅर्ट कुटुंबाने देश सोडला. सरहद्दीवर सात बॅगा उघडल्या गेल्या, त्यांत बहुतेक स्वरलिपी आणि टेप. अधिकाऱ्यांनी टेप लावून पाहिल्या आणि सरहद्दीच्या ठाण्यात ‘कँटस’ वाजले, अशी आठवण पॅर्ट यांनी नंतर सांगितली आहे. व्हिएन्नात युनिव्हर्सल एडिशन हे प्रकाशनगृह मिळाले. पुढच्या वर्षी ते बर्लिनला गेले आणि जवळपास तीस वर्षे तिथेच राहिले. ईसीएम या ध्वनिमुद्रण संस्थेच्या मानफ्रेड आयशर यांनी गाडी चालवताना रेडिओवर ‘ताबुला रासा’ ऐकली. १९८४ मध्ये त्यांनी पॅर्टच्या याच नावाच्या ध्वनिमुद्रिकेने ‘न्यू सिरीज’ ही नवी मालिका सुरू केली. पॅर्टचे नाव जगभर गेले ते या मुद्रिकेमुळे.

बर्लिनच्या काळातले काम मुख्यतः गायनाचे आहे, आणि माझ्या मते त्यांचे खरे मोठेपण तिथे आहे. १९८२ चे ‘पासिओ’ म्हणजे योहानाच्या शुभवर्तमानातली येशूच्या दुःखसहनाची कथा, सव्वा तासाच्या आसपास. शब्दांत किती अक्षरावयव, यावरून किती स्वर हे ठरते. स्वल्पविराम, पूर्णविराम आणि प्रश्नचिन्ह कुठे आहे त्यावरून स्वर किती लांबवायचा हे ठरते. चाल शब्दांवर बसवलेली नाही, शब्दांतून काढलेली आहे. तासभर जवळजवळ एकाच रंगात चालल्यावर शेवटच्या ओळींना डी मेजरचा उजेड पडतो, आणि तो इतका वेळ रोखून धरला नसता तर त्याचे काहीच वाटले नसते. कोलोन कथीड्रलच्या ७५०व्या वर्धापनासाठी लिहिलेला ‘कानोन पोकायानेन’ हा चर्च स्लाव्होनिक भाषेतला पश्चात्तापाचा दीर्घ पाठ आहे. त्याचे सादरीकरण १९९८ मध्ये झाले, आणि त्याचे नियम वेगळे आहेत, कारण भाषा वेगळी आहे.

पॅर्ट म्हणजे जगापासून दूर बसलेला दाढीवाला साधू, ही प्रतिमा ध्वनिमुद्रिकांच्या वेष्टनांनी घडवली. रशियन पत्रकार आना पोलितकोव्स्काया यांची २००६ मध्ये हत्या झाल्यावर त्या हंगामातले आपल्या रचनांचे सगळे कार्यक्रम त्यांच्या स्मृतीला अर्पण व्हावेत असे याच माणसाने जाहीर केले. २००८ ची चौथी सिंफनी तेव्हा तुरुंगात असलेले रशियन उद्योगपती मिखाईल खोदोर्कोव्स्की यांना अर्पण केली. म्हणूनच ‘होली मिनिमलिझम’ हे दुकानदारांचे लेबल मी पुस्तकात कुठेही वापरलेले नाही.

२०११ ते २०१८ अशी सलग आठ वर्षे, बॅकट्रॅक या संगीतविषयक संकेतस्थळाच्या मोजणीनुसार, जगात सर्वांत जास्त वाजवले गेलेले हयात संगीतकार पॅर्ट होते. २०१० मध्ये ते एस्टोनियात परतले. ऑक्टोबर २०१८ मध्ये लाउलास्मा इथे, समुद्राजवळच्या पाइनच्या जंगलात, आर्वो पॅर्ट केंद्र उघडले. मौनाच्या वर्षांतल्या त्या वह्या आता तिथे जपून ठेवल्या आहेत.

सगळेच उत्तम आहे असे नाही. १९९०नंतरच्या वाद्यवृंदाच्या काही रचनांत नियम सैल झाले आहेत आणि त्या जागी नुसता गहिरेपणा उरला आहे, असे मला वाटते. त्यांचे अनुकरण करणाऱ्यांची फौज तर विचारूच नका. त्यांना त्रिस्वर मिळाला, अटी मिळाल्या नाहीत. शेवटच्या प्रकरणात मी काही नावे घेतली आहेत, त्यांचे चाहते रागावतील.

हे क्षेत्र मराठी वाचकाला वाटते तितके परके नाही. गोव्यात पॅरिश शाळांतून कित्येक पिढ्या सोल्फेज आणि स्वरलिपी शिकल्या, त्यांतले वादक मुंबईत आले, आणि हिंदी चित्रपटगीतांच्या मागची व्हायोलिने आणि कॉर्ड त्यांच्याच हातांनी आपल्या कानांत बसवल्या. त्रिस्वर आपण नकळत ऐकत आलो आहोत. ज्यांना स्वरलिपी वाचता येते त्यांच्यासाठी प्रत्येक प्रकरणाला पुरवणी आहे; ज्यांना येत नाही त्यांनी ती खुशाल ओलांडावी. सर्व उदाहरणे सरगमात दिली आहेत, पण ती सोय आहे, दावा नव्हे. आणि पहिले प्रकरण अवघड वाटले तर तिसऱ्यापासून सुरू करावे, बिघडत काही नाही.

त्याआधी एक काम करा. ‘कँटस’ ऐका. ४ डिसेंबर १९७६ रोजी इंग्लिश संगीतकार बेंजामिन ब्रिटन वारले; ही रचना त्यांच्या स्मरणार्थ. त्यांना पॅर्ट कधी भेटले नव्हते, भेटावेसे मात्र त्यांना फार वाटू लागले होते. एक घंटा आणि तंतुवाद्ये. ए मायनरचे सप्तक, फक्त अवरोही. पहिली व्हायोलिने ते सर्वांत जलद उतरतात, दुसरी त्यांच्या निम्म्या लयीत, व्हायोला त्याच्या निम्म्या, चेलो त्याच्या निम्म्या, आणि डबल बास पहिल्यांच्या सोळापट संथ. आपल्या भाषेत एकाच बंदिशीची बराबरची लय, तिची निमपट, पावपट असे एकदम चालू आहे. सगळे उतरतात, एकेक जण आपापल्या तळाशी पोहोचून थांबतो, आणि शेवटी सा, कोमल ग, प असा एकच दाट, काळा त्रिस्वर उरतो. रचना सहा-सात मिनिटांची आहे. तंतुवाद्ये थांबली की रचना संपली असे समजून उठू नका. शेवटचा घंटेचा ठोका त्या गजरात हळूच दिलेला असतो, आपल्याला तो ऐकूच आलेला नसतो. वाद्ये गप्प झाल्यावर त्याची आस तेवढी मागे राहते. जुळलेल्या तानपुऱ्याच्या खर्जातून स्वयंभू गंधार ऐकलेल्या कानाने तिथे लक्ष द्यावे. तो गंधार कोमल आहे की शुद्ध, हे ज्याने त्याने आधी ऐकून ठरवावे आणि मग पहिले पान उलटावे.